जंगलातली हंगामी नोकरी: पगारी कामं कुठे मिळतात आणि हो म्हणण्याआधी काय विचारायचं

रानपिंगळा (धागालेखक)

दिवाळी उरकली की दरवर्षी एकाच धर्तीचे निरोप यायला लागतात. "दादा, झूलॉजी केलंय, जंगलात काम करायचंय, कुठे अर्ज करू?" मी मेळघाट आणि पेंच भागात बरीच वर्षं फील्डवर आहे. आधी हंगामी सहाय्यक होतो, आता टीमचं काम बघतो. प्रत्येकाला सुटं सुटं सांगण्यापेक्षा एकदाच इथे मांडतो. ज्यांना जास्त माहिती आहे त्यांनी भर घालावी.

आधी हंगामाचं गणित समजून घ्या, कारण जाहिराती त्याच्या मागेपुढेच निघतात. मध्य भारतात कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) आणि पायी सर्वेक्षणाचं काम साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून पावसाआधीपर्यंत चालतं. पुढे नाले भरतात, गवत डोक्याच्या वर जातं, गाड्या रुततात. सह्याद्रीत बेडूक आणि सड्यावरच्या फुलांची कामं नेमकी पावसाळ्यात, जूनपासून ऑक्टोबरपर्यंत. कोकण किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांचं काम नोव्हेंबरपासून मेपर्यंत. पाणपक्षी हिवाळ्यात. म्हणजे डिसेंबरला सुरू होणाऱ्या कामाची जाहिरात ऑगस्ट-सप्टेंबरपासून बघायला हवी. दिवाळीनंतर शोधायला लागलात तर बहुतेक जागा भरलेल्या असतात.

काम देणारे कोण? देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था सगळ्यात मोठी. दर चार वर्षांनी होणाऱ्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेसाठी ती प्रकल्पावर माणसं घेते आणि त्याशिवाय तिचे इतर प्रकल्प सतत चालू असतात. कोइंबतूरजवळ आनैकट्टीला असलेलं 'साकॉन' हे पक्षी संशोधन केंद्र २०२३ पासून तिच्यातच विलीन झालंय. मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी), जी १८८३ पासून आहे, पक्ष्यांच्या पायात ओळखीची कडी घालणं, गिधाडं, पाणथळ जागा अशा कामांसाठी माणसं घेते. म्हैसूरचं नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन, बंगळुरूचं 'एट्री' (ATREE), मुंबईचं वाइल्डलाइफ कॉन्झर्वेशन ट्रस्ट यांच्या जागा त्यांच्या संकेतस्थळांवर येतात. आपल्या राज्यात मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा आणि बोर असे सहा व्याघ्र प्रकल्प आहेत. त्यांची प्रतिष्ठानं कंत्राटी जीवशास्त्रज्ञ नेमतात. या जाहिराती कधी कधी फक्त स्थानिक मराठी पेपरात आणि कार्यालयाच्या फलकावर लागतात, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या पोरांना कळतच नाहीत. तिथल्या तिथे राहणाऱ्यांनी याचा फायदा घ्यावा.

आता ज्यासाठी धागा काढला ते. "स्वयंसेवक हवेत, सहा महिने, जेवण-राहणं संस्थेतर्फे, अनुभव प्रमाणपत्र मिळेल." अशा जाहिराती वाढल्यात. काही ठिकाणी तर जेवणाचे पैसेही उमेदवाराकडूनच घेतात. माझं ठाम मत आहे की ज्या कामावर संस्थेचा अहवाल उभा राहणार, ज्याच्यावर शोधनिबंध छापला जाणार, ते काम पगारीच असलं पाहिजे. चार दिवसांचं शिबिर वेगळं. बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून रात्रभर पाणवठा बघणंही वेगळं, तो निसर्गानुभव आहे आणि त्याला कोणी नोकरी म्हणत नाही. पण भल्या पहाटे उठून महिनोन्महिने ठरलेली रेषा चालून प्राणी मोजणाऱ्या माणसाला पगार नाही, हे मला पटत नाही.

कारण पैशांपुरतंच नाही. बिनपगारी सहा महिने कोण काढू शकतं? ज्याच्या घरी महिन्याला पैसे पाठवायची गरज नाही तोच. धारणी-चिखलदऱ्याचा, गडचिरोलीचा, अकोल्याच्या आदिवासी पट्ट्यातला मुलगा, ज्याला जंगल पायाखालचं आहे, तो पहिल्याच चाळणीत गळतो. मग पुढे एम.एस्सी.ला, पीएच.डी.ला "फील्डचा अनुभव आहे का?" असं विचारलं की तो अनुभव ज्यांना परवडला त्यांच्याकडेच असतो. असं करत करत या क्षेत्रात एकाच प्रकारची माणसं उरतात.

विचारा, बोलू.


वैनगंगा

दादा, खूप आभार. मी आरमोरीची, बी.एस्सी. शेवटच्या वर्षाला आहे. दोन प्रश्न. नुसत्या बी.एस्सी.वर कोणी घेतं का? आणि फील्डवर नक्की काम काय असतं? कॉलेजात फक्त स्लाइड आणि स्पेसिमेन बघितलेत.


रानपिंगळा

@वैनगंगा, घेतात. फील्ड असिस्टंट म्हणून बी.एस्सी. चालते, काही ठिकाणी बारावीही चालते. ज्युनिअर रिसर्च फेलोसाठी मात्र पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा गेटसारखी राष्ट्रीय परीक्षा लागते. त्याचं मानधन १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, वर घरभाडे भत्ता. सरकारी निधीच्या प्रकल्पात हे ठरलेलं असतं, त्यामुळे तिथे "आमच्याकडे इतकंच देतात" असं कोणी सांगितलं तर मंजुरीचा कागद दाखवा म्हणायचं. खालच्या पदांना कमी मिळतं आणि खाजगी संस्थांमध्ये तर फारच फरक असतो.

कामाचं म्हणशील तर कॅमेरा ट्रॅपचंच उदाहरण घे. जंगलाचे दोन-दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडलेले असतात. प्रत्येक चौकोनात वाघ-बिबट्या कुठून ये-जा करतात ते आधी खुणांवरून शोधायचं: पाऊलठसा, विष्ठा, झाडावरचे ओरखडे, मूत्राचा वास. मग तिथे वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेऱ्यांची जोडी. दोन लागतात कारण वाघाच्या डाव्या अंगाचे पट्टे आणि उजव्या अंगाचे पट्टे वेगळे असतात, एकाच बाजूचा फोटो मिळाला तर तो वाघ आधी मोजलाय की नाही हे ठरवता येत नाही. उंची साधारण गुडघ्याएवढी. दोन्ही कॅमेरे एकमेकांच्या अगदी समोर ठेवायचे नाहीत, एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या भिंगात जातो, म्हणून थोडे मागेपुढे. समोरचं गवत विळ्याने साफ करायचं, नाहीतर वाऱ्याने हलणाऱ्या एका पात्याचे हजारो फोटो निघतात आणि कार्ड भरून जातं. मग स्वतः वाकून, हात टेकून कॅमेऱ्यासमोरून जायचं आणि दिवा लागतो का बघायचं.

आणि घड्याळ! तारीख-वेळ बरोबर आहे की नाही हे दोन माणसांनी वेगवेगळं तपासायचं. बॅटरी बदलताना काही मॉडेलमधलं घड्याळ मूळ तारखेवर जातं. तसं झालं तर तो वाघ कोणत्या दिवशी, किती वाजता आला, शेजारच्या चौकोनातला त्याच रात्रीचा वाघ हाच की दुसरा, सगळ्याचा घोळ होतो. फोटो मिळूनही हिशेबात नीट धरता येत नाही.

२०२२ च्या गणनेत देशभरात ३२,५८८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. ४ कोटी ७० लाखांहून जास्त फोटो मिळाले, त्यातले वाघांचे ९७,३९९. महाराष्ट्रात वाघ ४४४ आले, २०१८ ला ३१२ होते, २०१४ ला १९०. पेपरात शेवटचे आकडे येतात. त्यांच्यामागे कार्ड बदलत, बॅटऱ्या वाहत फिरलेली माणसं असतात आणि त्यातली बरीचशी हंगामी असतात.


बीटवाला

चांगला धागा. मी वनरक्षक आहे, विदर्भातच. रानपिंगळा यांनी लिहिलेलं बरोबर आहे, पण एक बाजू राहिली. गणनेचा पहिला टप्पा, म्हणजे बीटमधल्या (वनरक्षकाकडे असलेल्या जंगलाच्या तुकड्यातल्या) वाटा चालून मांसाहारी प्राण्यांच्या खुणा नोंदवणं आणि मग दोन किलोमीटरच्या रेषेवर चितळ-सांबर मोजणं, हा सगळा वनरक्षक आणि वनमजूर करतात. बाहेरून आलेले जीवशास्त्रज्ञ मुख्यतः कॅमेऱ्यांच्या टप्प्यात असतात. आम्ही एम-स्ट्राइप्स ॲपवर नोंदी भरतो.

धोक्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून सांगतो. २० नोव्हेंबर २०२१ ला ताडोबात कोलारा परिक्षेत्रात याच पायी सर्वेक्षणाच्या वेळी वाघिणीच्या हल्ल्यात आमच्या एक महिला वनरक्षक गेल्या. बरोबर वनमजूर होते. त्या कायम नोकरीत होत्या, त्यामुळे मागे शासनाचे नियम तरी होते. त्याच वाटेवर हंगामी माणूस असता तर? त्याच्या घरच्यांना कोणी काय दिलं असतं? नोकरीला हो म्हणण्याआधी पगाराच्याही आधी विमा विचारा. अपघात विमा आहे का, किती रकमेचा, पॉलिसीवर तुमचं नाव आहे का, आणि कागदाची प्रत स्वतःकडे ठेवा.


रानपिंगळा

@बीटवाला, अगदी बरोबर आणि लिहिल्याबद्दल आभार. त्या दिवसानंतर ताडोबातलं पायी सर्वेक्षण थांबवलं होतं. आम्ही सगळेच हादरलो होतो.


चिंचवडकर

नमस्कार. मी या क्षेत्रातला नाही, बाप म्हणून विचारतो. मुलीने पुण्यात जैवविविधता विषयात एम.एस्सी. केलं. आता एका संस्थेने सहा महिन्यांसाठी जंगलात बोलावलंय. पहिले तीन महिने बिनपगारी, काम बघून पुढे मानधन. मुलगी हुरळून गेलीय. आमच्या घरी यावरून रोज वाद चालू आहेत. तिने जाऊ नये असं माझं म्हणणं नाही, पण हे बरोबर आहे का?


फुलोरा

@चिंचवडकर काका, मी वनस्पतीशास्त्राची, कोयना-चांदोलीत आणि नंतर मध्य प्रदेशात फील्ड केलंय. मुलीला जाऊ द्या, पण ही अट मान्य करू देऊ नका. चाचणीचा काळ असतोच, पण तोही पगारी असतो. एम.एस्सी. झालेल्या माणसाला तीन महिने फुकट राबवून "बघू" म्हणणाऱ्यांकडे बहुतेक वेळा पुढे द्यायला निधी नसतो, किंवा तीन महिन्यांनी दुसरी मुलगी येते. माझ्या बरोबरीच्या एकीच्या बाबतीत असंच झालं. हंगाम संपला, डेटा संस्थेकडे राहिला आणि हिच्या हातात फक्त प्रमाणपत्र.

मुलींसाठी आणखी काही गोष्टी आहेत, त्या तिने स्वतः फोनवर स्पष्ट विचाराव्यात. लाजायचं कारण नाही. राहायची खोली वेगळी आहे का, दाराला आतून कडी आहे का. संडास-न्हाणीघर कुठे आहे. टीममध्ये आणखी कोणी बाई आहे का. कॅम्पवर नेटवर्क नसेल तर रोज संध्याकाळी कोण कुणाला कळवतं. संस्थेत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती आहे का आणि तिच्यावर कोण आहेत. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे २०१३ च्या कायद्याने ती समिती असायलाच हवी. चांगल्या संस्थेचा माणूस या प्रश्नांची उत्तरं पटापट देतो, कारण त्याने आधीच विचार केलेला असतो. जो "अहो जंगल आहे, ॲडजस्ट करावं लागतं" म्हणतो तिथे जाऊ नये. मी हे अनुभवावरून सांगतेय.


चिंचवडकर

ताई, मनापासून आभार. हे सगळं तिला वाचायला दिलं. ती स्वतःच फोन करणार आहे.


नदीकाठ

थोडं वेगळं मत मांडतो. आमची चार माणसांची छोटी संस्था आहे, माळरानावरच्या पक्ष्यांवर काम करतो. आम्हाला कोणाचा मोठा निधी नाही. स्वयंसेवक नसतील तर काम बंद पडेल. सगळीच बिनपगारी कामं वाईट असं म्हटलं तर आमच्यासारख्यांनी काय करायचं? मी स्वतः दहा वर्षं पदरमोड करून हे चालवलंय.


रानपिंगळा

@नदीकाठ, तुमच्यासारख्यांबद्दल मनात आदर आहे आणि हा धागा तुमच्या विरोधात नाही. पण फरक करू. शनिवार-रविवारी येणारे, स्वतःची नोकरी-धंदा असलेले लोक हौसेने पक्षी मोजतात, त्यांच्या नोंदींवर देशभर उत्तम काम उभं राहिलंय. ते स्वयंसेवक. पण ज्याला पूर्णवेळ, ठरलेल्या वेळी, तुमच्या सांगण्यावरून, तुमच्या पद्धतीने काम करायचंय तो कर्मचारी झाला, मग त्याला काहीही नाव द्या. सहा महिन्यांना पैसे नसतील तर दोन महिन्यांचं काम आखा आणि दोन महिन्यांचे द्या. पाच जणांऐवजी दोघं घ्या. निधीसाठी अर्ज करताना दुर्बीण, कॅमेरे, गाडीचं डिझेल सगळं धरतो आणि माणसांच्या पगाराची ओळ मात्र सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशांत बसवतो. ती ओळ पहिली लिहा. देणगीदारही ऐकतात, मी बघितलंय.


नदीकाठ

हं. अर्जातल्या त्या ओळीचं खरं आहे. पुढच्या प्रस्तावात करून बघतो. मोठ्या देणगीदारांची पगारावर खर्चाची मर्यादा असते, तो मुद्दा मात्र शिल्लक राहतोच.


कासवमित्र_रत्नागिरी

कोकणातून लिहितोय. आमच्याकडे २००२ मध्ये वेळासला सह्याद्री निसर्ग मित्रने कासवांचं काम सुरू केलं, नंतर वन विभाग आणि कांदळवन कक्ष आला. आज किनाऱ्या-किनाऱ्यावर कासवमित्र आहेत. हे काम गावातल्या माणसाचं आहे, बाहेरून येऊन कोणी करू शकत नाही, कारण उजाडायच्या आत किनारा चालावा लागतो. उशीर झाला की कुत्री नाहीतर कोल्हे आधी पोचतात.

वाळूवर मादीच्या येण्याजाण्याचा माग असतो. तो जिथे संपून वळतो तिथे घरटं. काठी हलके टोचत जायची, जिथे वाळू सैल लागते आणि काठी सहज आत जाते तिथे थांबायचं आणि पुढे हातानेच उकरायचं. साधारण दीड फुटावर अंडी लागतात, शंभर-सव्वाशे. ती वरची बाजू खाली होऊ न देता टोपलीत घ्यायची आणि हॅचरीत (अंडी उबवायच्या राखलेल्या जागेत) त्याच खोलीचा, त्याच आकाराचा खड्डा करून ठेवायची. तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद. पुढे पंचेचाळीस ते साठ दिवस रोज तपमान, रोज राखण.

मानधन मिळतं पण थोडं, आणि काही वेळा हंगाम संपून पावसाळा लागला तरी हातात पडत नाही. त्याच किनाऱ्यावर कासव महोत्सवाला पर्यटक येतात, घरगुती राहण्याची सोय असलेल्यांना चार पैसे मिळतात, ते चांगलंच आहे. पण राखण करणाऱ्याचे पैसे वेळेत मिळावेत एवढंच म्हणणं आहे. मुलगा विचारतो, बाबा हे किती दिवस करणार.


रानपिंगळा

हा प्रतिसाद सगळ्यांनी वाचावा. दादा, तुमच्या कामाला हंगामी जीवशास्त्र म्हणायला कोणी तयार होत नाही, पण ते तेच आहे.

यावरून जे बोलायचं राहिलं ते बोलतो. आमच्या टीमबरोबर कोरकू सहकारी असतात. मी ठसा बघून "बिबट्या" म्हणेपर्यंत त्यांनी मादी आहे, पिल्लं बरोबर आहेत, रात्री पाऊस पडून गेल्यावर गेलीय एवढं सांगून झालेलं असतं. त्यांना मिळते रोजंदारी, आणि कागदावर पद "मजूर". बीएनएचएसच्या पक्षी-कडी प्रकल्पांत सालिम अलींबरोबर बिहारच्या मीरशिकार समाजातले अली हुसेन होते. पक्षी इजा न होता पकडण्याचं त्यांचं कसब इतकं होतं की त्यांच्याशिवाय ते काम झालं नसतं, आणि त्यांचं नाव आज आपल्याला माहीत आहे. अशी नावं किती कमी आहेत!

अरुणाचलात पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या भोवती याचं चांगलं उदाहरण आहे. तिथे २०११-१२ पासून धनेशाच्या घरट्यांची राखण न्यिशी गावकरी करतात. शहरातल्या लोकांनी घरटं दत्तक घ्यायचं, ते पैसे राखणदाराच्या पगाराला जातात. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते तेव्हापासून पिल्लू बाहेर पडेपर्यंत माणूस त्या झाडावर लक्ष ठेवतो आणि नोंदी लिहितो. त्यात पूर्वी शिकार करणारेही आहेत. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन, वन विभाग आणि गावबुढ्यांची (गावप्रमुखांची) संस्था मिळून हे चालवतात. आपल्या कोकणात धनेश आहेत, देवराया आहेत, माणसं आहेत. करता येण्यासारखं आहे.


नकाशा

मी पर्यावरण सल्लागार कंपनीत आहे. एक पर्याय कोणी लिहिला नाही. प्रकल्पांच्या पर्यावरण आघात मूल्यांकनासाठी जीवविविधतेचं सर्वेक्षण लागतं. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे बहुतेक प्रकल्पांना पावसाळा सोडून एका हंगामाचा डेटा द्यावा लागतो, त्यामुळे ऑक्टोबर ते मे आम्हाला पक्षी, वनस्पती, सरपटणारे प्राणी ओळखणारी माणसं सतत हवी असतात. पवनचक्क्या आणि विजेच्या तारांखाली मेलेले पक्षी शोधण्याचंही काम असतं. दिवसाचा दर संस्थांपेक्षा बराच जास्त आणि प्रवासखर्च वेगळा. निदान पैसे साठवून पुढच्या शिक्षणाला वापरता येतात.


फुलोरा

@नकाशा, खरं आहे, पण नव्या मुलांनी एक जपावं. तुमच्या नोंदींची फोटोसह, तारखेसह एक प्रत स्वतःजवळ असू द्या. मी दिलेल्या यादीतल्या दोन दुर्मीळ वनस्पती अंतिम अहवालात नव्हत्या असं माझ्या बाबतीत घडलंय. मी लेखी विचारलं, उत्तर आलं नाही, पुन्हा त्यांचं काम घेतलं नाही. पैसे चांगले म्हणून सही कशावर करतोय ते न बघता करू नका.


नकाशा

ताई, मान्य. सगळे तसे नसतात, पण असतात. अहवालात तुमचं नाव तज्ज्ञ म्हणून घालणार असतील तर अंतिम मसुदा वाचल्याशिवाय होकार देऊ नये.


ओरेगनकर

मी अमेरिकेत पश्चिम किनाऱ्यावर आहे, इथे एम.एस. केलं आणि दोन उन्हाळे ठिपकेदार घुबडांच्या सर्वेक्षणावर होते. रात्री जंगलातल्या रस्त्यांवर ठरलेल्या जागी थांबून आवाज वाजवायचा आणि उत्तराची वाट बघायची. इथे हंगामी फील्ड टेक्निशियन हे एक सरळ पद आहे. तासावर पगार, बऱ्याच ठिकाणी राहायला बंकहाउस, कामाला गाडी. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा एक नोकरी-फलक आहे, देशभरातल्या जागा तिथे येतात आणि बहुतेक जाहिरातीत पगार व राहण्याची सोय आधीच लिहिलेली असते. आपल्याकडच्या जाहिरातींनी हे तरी उचलावं.

पण इथेही सोन्याचा धूर निघत नाही. केंद्र सरकारच्या हंगामी नोकऱ्यांना वर्षाला १,०३९ तासांची मर्यादा असते, म्हणजे साधारण सहा महिने. पुढचे सहा महिने दुसरं काही शोधायचं. आरोग्य विमा हा मोठा प्रश्न. आणि भारतातून येऊ पाहणाऱ्यांनी लक्षात घ्या, सरकारी जागा जवळजवळ सगळ्या नागरिकांसाठीच असतात. विद्यार्थी व्हिसावर शिक्षण संपल्यानंतरच्या कामाच्या परवान्यात विद्यापीठं आणि खाजगी संस्था घेतात, तेवढीच वाट. जानेवारी २०२५ ला केंद्रीय नोकरभरती गोठवली तेव्हा इथल्या कितीतरी मुलांचा तो हंगाम अडचणीत आला. फक्त फील्डच्या नोकरीसाठी कर्ज काढून इकडे येऊ नका, असं मी कळकळीने सांगेन.


वैनगंगा

माझा अजून एक प्रश्न. घरचे विचारतात की साप, मलेरिया यांचं काय. आमच्याकडे तर दोन्ही घरातच असतात, पण तरी.


बीटवाला

@वैनगंगा, तुला जंगलाची भीती नाही हे चांगलं, पण शिस्त पाहिजे. कॅम्पवर जमिनीवर झोपायचं नाही, खाट आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी. मण्यार रात्रीच येते आणि चावलेलं कळतही नाही. डासांपासूनही मच्छरदाणीच वाचवते. बूट घालण्याआधी झटकायचे. रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही. कोणी चावला तर बांधाबांधी, चिरा देणं, मांत्रिक काही नाही, थेट प्रतिविष असलेलं ग्रामीण रुग्णालय. ते कुठे आहे आणि रात्री गाडी कोण काढणार हे कामाच्या पहिल्या दिवशीच विचारून ठेवायचं. १०८ ला फोन लागतो तिथे लावायचा, पण रेंज नसेल तर कॅम्पची गाडी उभी पाहिजे. सिंधुदुर्गाकडे कोणी जाणार असेल तर गोचिडांपासून जपा, दोडामार्ग-सावंतवाडी भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण निघालेत. ताप आला की डॉक्टरला "मी जंगलात काम करतो" हे आधी सांगायचं.


चिंचवडकर

मुलीने फोन केला होता. विम्याबद्दल विचारलं तर "आजवर काही झालेलं नाही" असं उत्तर मिळालं. पहिल्या महिन्यापासून मानधन द्यायला त्यांची तयारी नाही. तिने नकार कळवला. थोडी नाराज आहे. दुसरीकडे कुठे बघता येईल?


रानपिंगळा

काका, तिला सांगा की तिचं अगदी बरोबर आहे. एम.एस्सी. आहे तर तिने नेटचा अर्ज भरून ठेवावा, वर्षातून दोनदा परीक्षा होते. तोपर्यंत भारतीय वन्यजीव संस्थेच्या संकेतस्थळावर प्रकल्प-पदांच्या जाहिराती दर आठवड्याला बघाव्यात. शेवटच्या तारखा जवळच्या असतात, म्हणून मार्कशीट, दाखले स्कॅन करून तयार ठेवावेत. बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेत वन्यजीव जीवशास्त्राची एम.एस्सी. दर दोन वर्षांनी असते, तिथले विद्यार्थी प्रबंधासाठी फील्डवर जातात तेव्हा त्यांनाही पगारी सहाय्यक लागतात, त्यांना थेट ईमेल करायला हरकत नाही. तिने मला इथे व्यक्तिगत निरोप पाठवावा, आमच्याकडे फेब्रुवारीत वनस्पतींच्या चौकटी टाकायचं (ठरावीक मापाच्या चौकोनातली झाडं-झुडपं मोजायचं) काम आहे. पगारी आहे, विमा आहे, बाईंसाठी वेगळी खोली आहे. मुलाखत मात्र सगळ्यांसारखी द्यावी लागेल.

@वैनगंगा, तुझ्यासाठीही. तुझ्या अर्जात टक्क्यांच्या आधी हे लिही: कोणकोणती झाडं पानावरून ओळखतेस, पक्षी आवाजावरून किती, माडिया किंवा गोंडी बोलता येते का, मोटरसायकल चालवतेस का आणि परवाना आहे का. परवाना नसेल तर या सुट्टीत काढून घे, जीपीएस आणि एक्सेल कोणीही आठवड्याभरात शिकवतो पण गाडी चालवणारं माणूस टीमला लगेच हवं असतं. इंग्रजीची चिंता करू नकोस. नोंदवहीतले रकाने ठरलेले असतात, ते भरता आले की झालं.


वैनगंगा

माडिया थोडी येते, गोंडी चांगली येते. गाडी चालवते पण परवाना नाही. सोमवारी आरटीओत जाते.


बीटवाला

लर्निंगचा अर्ज ऑनलाइन भर, म्हणजे फेरी वाचेल. आणि उन्हाळ्यापुरतंच काम हवं असेल तर १५ फेब्रुवारी ते १५ जून आमच्याकडे अंगाराचा हंगाम असतो. जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे) काढायला आणि आगीवर लक्ष ठेवायला परिक्षेत्र कार्यालयातून हंगामी माणसं घेतात. रोजंदारी थेट बँक खात्यात येते. खातं आधारला जोडलेलं आहे ना तेवढं आधी तपास, गेल्या वेळी आमच्या दोन मजुरांचे पैसे त्याच्यावरूनच अडकले होते.